ओटा फोडण्याआधी

पुण्या-मुंबईच्या जुन्या फ्लॅटमधला काळा कडप्प्याचा ओटा सह्याद्रीपेक्षा म्हातारा असतो. सह्याद्रीचा कातळ म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा. कडप्पा हा आंध्रातल्या कडप्पा-कर्नूल भागातला चुनखडक. उथळ समुद्राच्या तळाशी थरावर थर साचत तो तयार झाला, तेव्हा पृथ्वीवर शंख-शिंपल्यांसारखे कवचाचे प्राणीही अवतरले नव्हते. म्हणजे कमीत कमी ५४ कोटी वर्षं. कलबुर्गीकडून येणारी शहाबादी फरशीही याच गोत्रातली. इतक्या जुन्या समुद्रतळावर आपण रोज पोळ्या लाटतो, आणि घराचं काम काढलं की पहिला घण त्याच्यावरच पडतो!

नवं मॉड्युलर किचन करायचं म्हटलं की अंदाजपत्रक लाखांत जातं, कारण त्यात आधी सगळं फोडणं असतं. पण जुनाट दिसणाऱ्या स्वयंपाकघरात खरोखर जुनं काय झालेलं असतं? ओट्यावरची चकाकी गेलेली असते. टाइल्सवर चिकट थर असतो. सांधे काळे पडलेले असतात. ओट्यावर उजेड पुरत नाही. हे सगळं वरवरचं आहे, मिलिमीटरभरही खोल न गेलेलं. तेवढाच पापुद्रा बदलायचा असेल तर काही शे रुपयांचं सामान आणि घरच्या माणसांचे हात पुरतात. यातलं बरंचसं काम तर हवाच करते, आपण तिला वेळ द्यायचा असतो.

आधी ओटा. तो कडप्पा आहे की काळा ग्रॅनाइट, हे बघायला कोपऱ्यात लिंबाचा एक थेंब टाकावा. कडप्प्यावर थोड्या वेळात निस्तेज ठिपका उमटतो, ग्रॅनाइटवर काही होत नाही. चुनखडक म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. लिंबातलं आम्ल त्याला विरघळवतं आणि कार्बन डायऑक्साइड सुटतो. लहानशी गोष्ट, पण विचार करून बघा: त्या थेंबाखाली सुटलेला वायू त्या प्राचीन समुद्राच्या पाण्यात मिसळलेला होता. खडकात कोट्यवधी वर्षं अडकून राहिला, आणि आज सरबत करताना सुटला. चिंचेचा कोळ, आगळ, व्हिनेगर हे सगळे हेच करतात. बरेच दिवस वापरलेल्या ओट्यावरचे फिकट डाग बहुतेक वेळा डाग नसतातच, ते खड्डे असतात. म्हणून कितीही घासलं तरी ते जात नाहीत.

खड्ड्यांवर उपाय एकच, भोवतीचा दगड त्यांच्या पातळीला आणणं. ऐकायला अवघड वाटतं, पण कडप्पा मऊ आहे. खनिजांचा कठीणपणा मोजायच्या १ ते १० च्या मोजपट्टीवर कॅल्साइट ३ वर येतं, सुरीचं पोलाद साडेपाचच्या आसपास आणि ग्रॅनाइटमधली गारगोटी ७ वर. त्यामुळे ग्रॅनाइटला मशीनच लागतं, कडप्पा मात्र हातानं घासता येतो. हार्डवेअरच्या दुकानात काळा वॉटर पेपर मिळतो. २२० नंबरपासून सुरुवात करायची, मग ४००, ८००, १५०० आणि जमलं तर ३०००. ओटा सतत ओला ठेवायचा, म्हणजे दगडाची पूड श्वासात जात नाही. एकही नंबर गाळायचा नाही. प्रत्येक कागद स्वतःचे ओरखडे काढतो आणि आधीच्या कागदाचे मोठे ओरखडे पुसतो. ओरखडे बारीक होत होत प्रकाशाच्या लहरींच्या मापाजवळ पोचले की चकाकी येते. हे माप म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाचाही जेमतेम अर्धा. तोवर प्रकाश ओरखड्यांवर आपटून चहूकडे विखुरतो आणि दगड राखाडी दिसतो. ओटा ओला असताना काळाभोर दिसतो आणि सुकला की पुन्हा फिका पडतो, तेही यामुळेच. पाणी ओरखडे भरून काढतं आणि प्रकाशाचं विखुरणं कमी होतं.

मग तो ओलेपणाचा रंग टिकवता येईल का? येतो, तेलानं. पण कुठल्या तेलानं, हा प्रश्न मला या सगळ्यातला सर्वांत सुंदर वाटतो.

काचेच्या तीन तुकड्यांवर तीन तेलांचा अगदी पातळ हात फिरवून ते महिनाभर खिडकीत ठेवावेत. खोबरेल तेल होतं तसंच राहील, बोटाला लागेल. करडईचं चिकट होईल. जवसाचं तेल मात्र घट्ट, कोरडं, पिवळसर पापुद्रा होऊन बसेल. यातलं कुठलंच तेल उडून जात नाही. घट्ट होणारी तेलं हवेतला ऑक्सिजन घेतात. तेलाचा रेणू म्हणजे कार्बनच्या लांब साखळ्या. जवसाच्या साखळ्यांत ठिकठिकाणी दुहेरी बंध असतात. तिथे ऑक्सिजन घुसतो आणि शेजारच्या साखळ्या एकमेकींना जखडल्या जातात. शेवटी सगळ्याचं एक जाळं होतं, ते पुन्हा पातळ होत नाही. खोबरेलात असे बंध फारच थोडे, म्हणून ते वर्षभरही तेलच राहतं. करडई मधली.

आता गॅसमागच्या टाइल्सकडे, एक्झॉस्ट फॅनच्या पात्यांकडे, वरच्या फळीवरच्या डब्यांच्या झाकणांकडे बघा. फोडणीतून उडालेले तेलाचे सूक्ष्म थेंब तिथे बसतात, ऑक्सिजन घेतात आणि घट्ट होत जातात. बिडाच्या तव्यावरचा काळा गुळगुळीत थर, ज्याच्यामुळे धिरडं सुटून येतं, तो उष्णतेनं झपाट्यानं झालेला असाच थर. आणि कपाटांना लावतो तो ऑइल पेंट? त्याचं नावच सांगतं. त्यातलं थिनर उडून गेलं की रंग हाताला लागत नाही इतकंच, पण तो खरा कडक होतो पुढचे कित्येक दिवस हवेतला ऑक्सिजन घेत. युरोपातल्या चित्रकारांनी शतकानुशतकं जवसाच्या तेलात रंग कालवले ते याच भरवशावर. पुसून पुसून आपण कंटाळतो तो चिकटा, जपून ठेवतो तो तवा आणि पैसे देऊन आणतो तो रंग, तिघांच्या मुळाशी एकच रसायन आहे. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी स्वयंपाकघरात उभं राहून एकेका वस्तूकडे नव्यानं बघत होते.

हे कळलं की कामं आपोआप सोपी होतात. घासून गुळगुळीत झालेल्या कडप्प्याला खाण्याच्या जवसाच्या तेलाचा हात द्यावा. ‘बॉइल्ड’ म्हणून रंगाच्या दुकानात मिळतं ते नको, त्यात धातूंचे क्षार घातलेले असतात. तेल मुरू द्यावं आणि अर्ध्या तासानं कोरड्या फडक्यानं पूर्ण पुसून काढावं, जणू लावलंच नव्हतं इतकं. जाड राहिलेलं तेल चिकटच राहतं, कारण ऑक्सिजन खालपर्यंत पोचत नाही. चार-पाच दिवसांच्या अंतरानं दोनतीन हात दिले की रंग खुलतो. लिंबू मात्र त्यानंतरही लगेच पुसायचं, तेल आम्लाला फार काळ अडवत नाही. आणि एक गोष्ट कळकळीनं सांगते: जवसाच्या तेलाची फडकी चुरगाळून डब्यात टाकू नका. ऑक्सिजन घेताना तेल उष्णता सोडतं. बोळ्यात ती कोंडते आणि फडकं आपोआप पेटू शकतं. फडकी मोकळी पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

टाइल्सवरच्या चिकट्यासाठी धुण्याचा सोडा, कडक गरम पाण्यात कालवून, हातात रबरी मोजे घालून. ओलं फडकं थरावर पंधरा-वीस मिनिटं चिकटवून ठेवायचं, लगेच घासायला जायचं नाही. सोडा त्या जाळ्याचे बंध तोडतो आणि तेलाचा काही भाग चक्क साबण होतो, मग तो पाण्याबरोबर निघून जातो. ॲल्युमिनियमला मात्र सोडा लावू नये, ते काळवंडतं आणि झिजतं. ऑइल पेंट लावलेल्या भिंतीलाही नको. चिकटा ज्यानं सुटतो त्यानं रंगही सुटणारच.

सोड्याचं फडकं हळदीच्या डागावर गेलं तर डाग लालभडक होतो. घाबरायचं कारण नाही. हळदीतलं कर्क्युमिन अल्कली लागली की रंग बदलतं, हळदीला चुना लावून कुंकवाचा लाल रंग आणतात तो याच गुणानं. हेच कर्क्युमिन उजेडात मात्र टिकत नाही. हळदीनं पिवळे झालेले प्लॅस्टिकचे डबे धुऊन उन्हात ठेवले तर डाग फिके होत जातात, घासावं लागत नाही.

कपाटं रंगवताना खरा वेळ रंगाआधी द्यावा. दारं उतरवून सोड्यानं धुवावीत, स्वच्छ पाण्यानं पुसावीत, पूर्ण वाळली की पॉलिश पेपर मारावा, प्रायमरचा एक हात आणि रंगाचे दोन पातळ हात. तेलकटपणा राहिला तर कितीही महागडा रंग पापुद्रे धरतो. पावसाळ्यात हे काम काढू नये. कडी-कोयंडे, बिजागऱ्या, मुठी बदलल्या की जुन्या प्लायची ओळखही पटत नाही, आणि तो खर्च फारच थोडा.

टाइल्समधले काळे सांधे म्हणजे पुन्हा चुनखडकाचीच गोष्ट. चुनखडक आणि माती १४५० अंशांच्या आसपास भाजून दळली की सिमेंट होतं. १८२४ साली इंग्लंडमधल्या लीड्सच्या जोसेफ ॲस्पडिन या गवंड्यानं त्याचं पेटंट घेतलं. कच्च्या मालात लोह जवळजवळ नसेल तर ते पांढरं निघतं, नेहमीच्या सिमेंटचा करडेपणा मुख्यतः लोहाचा. सांधे भरण्याआधी जुना मळका भाग करवतीच्या पात्याच्या तुकड्यानं दोन-तीन मिलिमीटर खरवडून काढावा. तेवढी खाच नसली तर नवा माल धरत नाही. मग ती खाच ओली करावी आणि व्हाइट सिमेंट किंवा तयार ग्राउट दाबून भरावं. सिमेंट वाळून घट्ट होत नाही. ते पाणी स्वतःत बांधून घेतं, त्यातून सूक्ष्म तंतू आणि स्फटिक वाढतात आणि एकमेकांत गुंततात. पाण्याखालीसुद्धा ते घट्ट होतं. म्हणून सांधे भरल्यावर पंखा लावून लवकर सुकवणं हा त्यांच्यावर अन्याय आहे. दोनतीन दिवस अधूनमधून ओल्या फडक्यानं पुसत राहावं.

छत कळकटलं असेल आणि जुन्या पद्धतीचं घर असेल, तर कळीचा चुना अजूनही सगळ्यांत स्वस्त. इथे तर दगड पुन्हा दगड होतो. चुनखडक नऊशे अंशांच्या आसपास भाजला की त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. पाण्यात विरवला की तो खदखदतो. भिंतीला लावला की खोलीतल्या हवेतून, आपल्याच उच्छ्वासातून, तो कार्बन डायऑक्साइड परत घेतो आणि पुन्हा चुनखडक होतो. भिंतीवरचा पांढरा हात म्हणजे दगडाचा पातळ थर! ताज्या चुन्याची तीव्र अल्कली बुरशीला टिकू देत नाही. तीच डोळ्यांनाही घातक, म्हणून चष्मा लावूनच काम करावं. ऑइल पेंट असलेल्या छतावर तो धरत नाही, हेही आधी बघावं.

सिंक आणि ओटा यांच्यामधली फट सिलिकॉननं भरतात. दुकानात सहज हाती पडतं त्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा वास येतो आणि तो खरोखर व्हिनेगरचाच असतो. हवेतली वाफ शोषून सिलिकॉन घट्ट होताना त्यातून ॲसिटिक ॲसिड सुटतं. स्टील आणि टाइल यांना त्याचं काही वाटत नाही, पण कडप्प्याच्या कडेशी ते आम्ल म्हणजे लिंबाचाच भाऊ. कडप्प्यासाठी ‘न्यूट्रल क्युअर’ लिहिलेली नळी मागून घ्यावी. फट स्वच्छ आणि कोरडी करून, दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून, एका सरळ रेषेत भरावं आणि पट्टी लगेच ओढून काढावी. ते बाहेरून आत घट्ट होत जातं, दिवसाला साधारण दोन-तीन मिलिमीटर. तेवढे दिवस सिंक ओलं न करणं घरात सगळ्यांना आधीच सांगून ठेवावं लागतं.

उरला उजेड. आपल्या स्वयंपाकघरांत ट्यूब असते पाठीमागच्या भिंतीवर किंवा छताच्या मधोमध, आणि चिरणाऱ्या बाईची सावली नेमकी विळी-सुरीवर पडते. वर्षानुवर्षं आपण ते चालवून घेतलं याचं मला वाईट वाटतं. व्हिएन्नाच्या वास्तुविशारद मार्गारेटे शुटे-लिहोट्स्की यांनी १९२६ मध्ये फ्रँकफर्टच्या कामगार वसाहतींसाठी अवघ्या १.९ बाय ३.४ मीटरचं स्वयंपाकघर आखलं. तशी सुमारे दहा हजार बांधली गेली. त्यात छताला पट्टी बसवून तिच्यावर सरकणारा दिवा दिला होता, काम जिथे तिथे उजेड नेता यावा म्हणून. आज तेच काम वरच्या फळीखाली चिकटवलेली १२ व्होल्टची एलईडी पट्टी करते. पांढरा दिसणारा एलईडी मुळात निळा असतो. निळ्या चिपवरचा पिवळा लेप काही निळा प्रकाश गिळून पिवळा करून सोडतो आणि दोन्ही मिसळून डोळ्यांना पांढरं दिसतं. तो निळा एलईडी साधण्यासाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

पट्टी घेताना वेष्टनावरचा सीआरआय हा आकडा ९० च्या वर आहे ना ते बघावं. तो कमी असला की लाल रंग मरतो, टोमॅटो विटकरी दिसतो आणि मेथी पिवळी पडली आहे की ताजी आहे हे कळत नाही. रंग ३००० ते ४००० केल्व्हिनमधला. पट्टी फळीच्या मागच्या नाही तर पुढच्या कडेला लावायची, म्हणजे उजेड आपल्या हातांवर पडतो आणि भिंतीवर वाया जात नाही. गॅसच्या थेट वर लावू नये, आणि मुख्य विजेची जोडणी वायरमनकडूनच करून घ्यावी.