जपानमधलं कॉक्लिअर इम्प्लांट आणि खुणांची भाषा
जपानमध्ये कॉक्लिअर इम्प्लांट १९९४पासून आरोग्यविम्यात बसतं, त्यामुळे पालकांपुढे खर्चापेक्षा भाषेचा पेच मोठा. बहुतेक कर्णबधिर मुलांच्या आईवडिलांना ऐकू येतं. मूल आपल्यासारखं बोलावं, ही त्यांची आशा स्वाभाविकच. पण बधिर म्हणजे जपानी खुणांची भाषा बोलणारा भाषिक अल्पसंख्य समाज, असं १९९५च्या ‘बधिर संस्कृती जाहीरनाम्या’ने ठणकावलं. खुणा शिकवल्या तर मूल बोलायचा कंटाळा करील, हा आक्षेप मला पटत नाही. मुळात इम्प्लांटचे इलेक्ट्रोड श्रवण-चेतातंतूला थेट चेतवतात, नैसर्गिक श्रवण परत आणत नाहीत. त्या आवाजांचा अर्थ लावायला दीर्घ सराव लागतो आणि झोपताना बाहेरचा प्रोसेसर काढला की ऐकणं थांबतंच. हा सराव होईतो मुलाने भाषेवाचून का राहावं? टोकियोतली मेइसेई गाकुएन शाळा २००८पासून खुणांची भाषा आणि लिखित जपानी, दोन्ही शिकवते.