विमानाचा एक तास

गेल्या हिवाळ्यात छत्रपती संभाजीनगरहून आत्या आजारी असल्याचा निरोप आला. आमच्या घरात विमानात बसलेले कोणी नाही. तरीही बाबांनी विचारले, "विमान तासाभरात पोचवते म्हणे. तू कॉलेजात जातेस, जरा हिशेब करून सांग." त्या रात्री केलेला तो हिशेब येथे मांडते.

प्रथम अंतर पाहू. नकाशावर मुंबईचे विमानतळ आणि चिकलठाणा विमानतळ सरळ रेषेने जोडले, तर ती रेषा सुमारे २८० किलोमीटर भरते. रेल्वेने मात्र मुंबईहून सुमारे ३७५ किलोमीटर होतात. कारण गाडी कसारा घाट चढून नाशिकवरून मनमाडला जाते आणि तेथून आग्नेयेकडे वळते.

जेट विमान उंचावर ताशी सुमारे ८०० किलोमीटर वेगाने उडते. म्हणजे २८० किलोमीटरला अवघी २१ मिनिटे पुरावीत. मग वेळापत्रकात तासाहून थोडा अधिक वेळ का? कारण तो वेळ विमान जागेवरून हलल्यापासून दुसरीकडे जागेवर उभे राहीपर्यंतचा असतो. धावपट्टीपर्यंत सरकत जाणे, रांगेत थांबणे हे सारे त्यात आले. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत. शिवाय विमान वाऱ्याला सामोरे होऊन उडते. मुंबईत ते बहुधा पश्चिमेस समुद्राकडे झेपावते आणि मग पूर्वेस वळते. इतक्या जवळच्या प्रवासात चढण संपते न संपते तोच उतरण सुरू होते. पूर्ण वेग फार थोडा वेळ मिळतो.

आता खडवलीचा हिशेब. लोकल व पुढची वाहने धरून विमानतळ गाठायला दोन तास, उड्डाणाआधी तेथे दोन तास, विमानाचा तासभर आणि उतरून घरी पोचायला अर्धा तास. एकूण साडेपाच ते सहा तास. रेल्वेने कल्याण गाठून गाडीची वाट पाहण्यात एक तास आणि कल्याणहून सुमारे सहा तास, म्हणजे सात. गंमत अशी की, ज्या गाडीसाठी आम्ही मागे कल्याणला जातो, तीच गाडी पुढे खडवलीवरून न थांबता धावते!

समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ पासून आमणेपर्यंत पूर्ण खुला झाला आहे. आमणे आम्हांला जवळ. स्वतःची मोटार असेल तर साधारण चार तासांत, विमानाच्याही आधी पोचता येते. पण मोटार हवी ना!

तात्पर्य, विमानाचा तास विमानतळापासून मोजतात; माणसाचा प्रवास मात्र उंबरठ्यापासून सुरू होतो. वाचणाऱ्या तासा-दीड तासासाठी तिघांची विमानाची तिकिटे आम्हांला परवडणारी नव्हती. बाबांनी कागद दोनदा वाचून घेतला आणि म्हणाले, "मग पहाटेची लोकल धरू."

दुपारी आम्ही आत्याच्या उशाशी होतो.