गाडी ‘खाली’ घेताना स्प्रिंगचा हिशेब

चाक आणि मडगार्ड यांमधील मोकळी जागा डोळ्यांना खुपते, म्हणून गाडीची उंची दोन-तीन सेंटीमीटरने कमी करून घेण्याची हौस शहरांतील वाहनधारकांमध्ये चांगलीच रुजली आहे. कंपनीने बसविलेल्या स्प्रिंगा काढून त्यांच्या जागी आखूड स्प्रिंगा, म्हणजेच ‘लोअरिंग स्प्रिंग’, बसविल्या की गाडी जमिनीलगत दिसू लागते. वळणावर ती अधिक स्थिर राहते, असेही सांगितले जाते. या दोन्ही गोष्टींत तथ्य आहे. मात्र त्या बदल्यात गाडी काय गमावते, याचा हिशेब क्वचितच मांडला जातो. तो मांडताना शहरातील गुळगुळीत रस्ता प्रमाण मानून चालत नाही. गणपतीला आणि शिमग्याला हीच गाडी माणसे व सामान भरून ज्या रस्त्याने गावी जाते, तो रस्ता विचारात घ्यावा लागतो.

रत्नागिरी जिल्ह्यातील पूर्णगडचे उदाहरण घेऊ. रत्नागिरीहून दक्षिणेस भाट्ये खाडीवरील पूल ओलांडून, स्वामी स्वरूपानंदांच्या पावसमार्गे सुमारे २५ किलोमीटरवर हे गाव लागते. मुचकुंदी नदी समुद्राला मिळते त्या मुखाशी, टेकडीवर येथील छोटेखानी किल्ला उभा आहे. खाडीवरील पुलाने पलीकडे गेले की गावखडी. कोकणच्या किनारी भागातील अशा रस्त्यांवर चढउतार आणि वळणे पाठोपाठ येतात, वस्तीच्या तोंडाशी गतिरोधक असतात, समोरून एसटी आली की एका बाजूची चाके साइडपट्टीवर उतरवावी लागतात आणि शेवटी रस्ता सोडून घराच्या अंगणात शिरताना तीव्र उतार भेटतो. उंची कमी केलेल्या गाडीची खरी परीक्षा येथे होते.

लाभ किती, हानी किती?

वळणावर गाडीचे वजन आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सरकते. किती सरकेल हे गाडीच्या गुरुत्वमध्याच्या उंचीवर अवलंबून असते. छोट्या गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ५५ सेंटीमीटरवर आहे असे धरले आणि गाडी ३ सेंटीमीटर खाली घेतली, तर हे सरकणारे वजन साधारण साडेपाच टक्क्यांनी घटते. नफ्याची बाजू एवढीच.

आता तोट्याची बाजू पाहू. खड्ड्यातून किंवा उंचवट्यावरून जाताना चाक वर सरकते आणि स्प्रिंग दाबली जाते. चाकाला वर सरकण्यासाठी जी मोकळीक असते, ती संपली की शॉक ॲबसॉर्बरच्या दांड्यावरील रबरी ठोकळ्यावर, म्हणजे ‘बम्प स्टॉप’वर, आघात होतो. ही मोकळीक मुळात ८ सेंटीमीटर असेल आणि गाडी ३ सेंटीमीटर खाली घेतली, तर ५ सेंटीमीटरच उरते. म्हणजे ३७ टक्क्यांहून अधिक प्रवास कमी झाला. पूर्वीचाच धक्का आता ५ सेंटीमीटरमध्ये जिरवायचा असेल, तर स्प्रिंगचा कणखरपणा अडीचपट व्हावा लागेल, कारण धक्का झेलण्याची क्षमता प्रवासाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. एवढी कडक स्प्रिंग रोजच्या वापराच्या गाडीत कोणी बसवीत नाही. बाजारातील लोअरिंग स्प्रिंगा मूळ स्प्रिंगेपेक्षा थोड्याच कडक असतात. उरलेला धक्का रबरी ठोकळा, शॉक ॲबसॉर्बर, त्याच्या वरच्या टोकाचे माउंट आणि अखेरीस गाडीचा सांगाडा सोसतो. गाडी जमिनीजवळ येणे हे डोळ्यांना दिसते. चाकाचा प्रवास आटणे दिसत नाही, आणि बहुतेक नुकसान त्यातूनच होते.

गतिरोधकाचे गणित

इंडियन रोड्स काँग्रेसने १९८८ साली दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि मध्यभागी १० सेंटीमीटर उंच असावा व त्याची गोलाई १७ मीटर त्रिज्येची असावी. पुढच्या-मागच्या चाकांत २.४ मीटर अंतर असलेली गाडी अशा उंचवट्याच्या मध्यावर आली, की तिची चारही चाके उंचवट्यावरच असतात. परिणामी गाडीच्या पोटाखालची जागा १० नव्हे, तर सुमारे सव्वाचार सेंटीमीटरनेच कमी होते. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी जेमतेम अर्धा-पाऊण मीटर रुंदीचे, उभ्या चढाचे गतिरोधक आढळतात. त्यांवर पुढची चाके उतरून गेलेली, मागची अद्याप चढायची आणि मध्ये सारा उंचवटा गाडीच्या पोटाखाली, अशी स्थिती होते. तेथे गतिरोधकाची पूर्ण उंची वजा करावी लागते.

यात सामानाचा भार मिळवा. मागची प्रत्येक स्प्रिंग एक सेंटीमीटर दबण्यासाठी २५ किलो भार लागत असेल, तर मागील ॲक्सलवर आलेले २०० किलोंचे जादा वजन गाडीचा मागचा भाग ४ सेंटीमीटर खाली आणते. समजा रिकाम्या गाडीचा ग्राउंड क्लिअरन्स १७ सेंटीमीटर आहे आणि भरल्यावर तो मध्यभागी १४ उरतो. बारा सेंटीमीटर उंचीचा अरुंद गतिरोधक ही गाडी सावकाश पार करील. तीच गाडी ३ सेंटीमीटर खाली घेतलेली असेल, तर पोटाखाली ११ सेंटीमीटर उरतात आणि सायलेन्सर किंवा इंजिनाचे ऑइल चेंबर घासणार हे निश्चित. चेंबरला तडा गेला की ऑइल वाहून जाते. अशा वेळी ऑइलचा लाल दिवा लागताच इंजिन तत्काळ बंद करावे. ‘पुढच्या गॅरेजपर्यंत नेऊ’ या विचाराने संपूर्ण इंजिन निकामी होऊ शकते.

कापलेली स्प्रिंग नकोच

खर्च वाचविण्यासाठी मूळ स्प्रिंगेचेच एखादे वेटोळे कापण्याचा किंवा गॅसच्या ज्योतीने ती तापवून बसविण्याचा सल्ला काही ठिकाणी दिला जातो. तो मुळीच मानू नये. स्प्रिंगेचे पोलाद विशिष्ट तापमानाला तापवून, थंड करून आणि पुन्हा मर्यादित तापवून लवचीक बनविलेले असते. ऑक्सि-ॲसिटिलीनच्या ज्योतीचे तापमान ३,००० अंश सेल्सिअसहून अधिक असते. तिच्याखाली तो गुण नाहीसा होतो आणि ती जागा पुढे दबते किंवा मोडते. कापलेल्या स्प्रिंगेचे टोक तिच्या बैठकीत नीट बसत नाही. शिवाय चाक खड्ड्यात लोंबकळले की आखूड झालेली स्प्रिंग सैल होऊन जागा सोडू शकते. गाडीच्या नेमक्या मॉडेलसाठी बनविलेली, टोकांचा आकार मूळ स्प्रिंगेसारखाच असलेली स्प्रिंग घ्यावी आणि उंचीतील घट दोन-अडीच सेंटीमीटरपलीकडे नेऊ नये.

बसविताना घ्यावयाची काळजी

हे काम घरच्या आवारात करण्याजोगे नाही. कुशल मेकॅनिककडून ते करून घेतानाही वाहनधारकाला पुढील बाबी ठाऊक असाव्यात.

गाडी सपाट, टणक जागेवर उभी करून जमिनीवर राहणाऱ्या चाकांना ठोकळे लावावेत. चाकांचे नट गाडी उचलण्यापूर्वी सैल करावेत. गाडी केवळ जॅकवर तोलून कोणीही तिच्याखाली जाऊ नये. पक्के लोखंडी स्टँड आवश्यकच आहेत.

पुढची स्प्रिंग शॉक ॲबसॉर्बरभोवती दाबून बसविलेली असते. स्प्रिंग कॉम्प्रेसरने ती आवळल्याखेरीज वरचा मधला नट कदापि सोडू नये. सेंटीमीटरला २० किलो लागणारी स्प्रिंग १५ सेंटीमीटर दाबली, तर तिच्यात साठलेली शक्ती साडेबावीस किलोंचे वजन एक मीटर उंच फेकण्याइतकी असते. ती निसटली तर जिवावर बेतू शकते.

ब्रेकचा रबरी पाइप आणि एबीएस सेन्सरची वायर आधी क्लिपांतून मोकळी करावी. चाकाचा हब पाइपवर लोंबकळता कामा नये. नव्या स्प्रिंगेचे टोक खालच्या बैठकीतील खाचेत अचूक टेकले आहे, रबरी गादी जागेवर आहे आणि बम्प स्टॉप उत्पादकाने सांगितल्याप्रमाणे आहे, याची खातरजमा करावी. शॉक ॲबसॉर्बर जुने असल्यास ते याच वेळी बदलणे शहाणपणाचे. थकलेला शॉक आखूड व कडक स्प्रिंगेला आवरू शकत नाही.

सर्वांत दुर्लक्षित बाब म्हणजे आर्मच्या रबरी बुशांचे बोल्ट. गाडी हवेत असताना ते पूर्ण आवळले, तर बुश लोंबकळत्या स्थितीतच पक्के होतात आणि गाडी खाली आल्यावर कायम पिळलेले राहून अल्पावधीत फाटतात. म्हणून गाडीचे वजन चाकांवर आल्यानंतरच हे बोल्ट टॉर्क रेंचने ठरावीक मापापर्यंत आवळावेत. स्वतः घट्ट धरणारे नट नवे वापरावेत.

कॉम्प्रेसरच्या जबड्याने स्प्रिंगेचा रंग खरवडला जाऊ नये, हेही पाहावे. किनाऱ्यालगतच्या खाऱ्या हवेत त्याच ओरखड्यापासून गंज धरतो आणि गंजाच्या खळग्यातूनच स्प्रिंग तडकते.

बसविल्यानंतर

उंची बदलली की चाकांचे कोन बदलतात. अलाइनमेंट केले नाही तर नवे टायर काही महिन्यांत एका कडेने झिजू लागतात. हेडलाइटचा झोतही तपासून घ्यावा. काही जुन्या गाड्यांत मागील ॲक्सलच्या उंचीवरून मागच्या ब्रेकचा दाब ठरविणारी झडप असते. गाडी खाली घेतल्यावर ती झडप गाडी भरलेली आहे असे समजून मागच्या चाकांना जादा दाब देते. ओल्या रस्त्यावर मागची चाके आधी जाम होण्याचा धोका त्यातून उद्भवतो, म्हणून तिची जुळणी करणे अनिवार्य आहे. पाचशे ते हजार किलोमीटरनंतर सर्व बोल्ट पुन्हा तपासावेत. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून जाण्याची गाडीची मर्यादाही तितकीच कमी झालेली असते, हे विसरू नये.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरतील असा फेरफार करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ च्या निकालात या तरतुदीचा अर्थ काटेकोरपणे लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ अ नुसार, परवानगी नसलेल्या प्रत्येक फेरफारासाठी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही होऊ शकतात. यास्तव स्प्रिंग खरेदी करण्यापूर्वी परिवहन कार्यालयाकडे लेखी विचारणा करावी आणि विमा कंपनीलाही लेखी कळवावे. न कळविलेला बदल अपघातानंतर दावा नाकारण्याचे कारण ठरू शकतो. गाडीच्या वॉरंटीवर काय परिणाम होईल, तेही आधीच विचारून घ्यावे.

निर्णय घेण्याआधी एक साधा प्रयोग प्रत्येकाला करता येईल. नेहमीची माणसे आणि सामान भरून गाडी सपाट जागी उभी करावी आणि तिच्या पोटाखालील सर्वांत खालचा भाग जमिनीपासून किती उंच आहे हे मोजावे. त्यातून स्प्रिंगेमुळे होणारी घट वजा करावी. उरलेला आकडा आपल्या गावच्या वाटेवरील गतिरोधकाशी आणि अंगणाच्या उताराशी ताडून पाहावा. तो पुरेसा नसेल, तर गाडी आहे त्या उंचीवर राहू द्यावी आणि हाच पैसा चांगल्या टायरांवर व नव्या शॉक ॲबसॉर्बरांवर खर्च करावा. वळणावरची पकड त्यातूनही सुधारते आणि पूर्णगडच्या वाटेवर चेंबर शाबूत राहते.