मोतीबिंदू निघाला, मग अक्षरांना सावली का?

मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन महिना झालेला असतो. उजेड लख्ख दिसतो, साड्यांचे रंग पुन्हा झळझळीत वाटतात. पण एसटीच्या पाटीवरचं गावाचं नाव वाचताना प्रत्येक अक्षराला सावली चिकटलेली असते. 'ऑपरेशन छान झालंय, थोडा सिलिंड्रिकल नंबर आहे,' असं डॉक्टर सांगतात आणि घरी मात्र 'लेन्सच चुकीची बसवली' अशी चर्चा सुरू होते. बहुतेकदा लेन्स जागेवरच असते. कारण शोधायचं ते कॉर्नियात, म्हणजे बुबुळासमोरच्या पारदर्शक काचेत.

काचेचा आकार

ही काच सगळीकडून सारखी गोल असेल, तर प्रकाश एका बिंदूत गोळा होतो. एका दिशेला उभार जास्त आणि दुसरीकडे कमी असेल, तर किरण दोन वेगवेगळ्या जागी जुळतात आणि अक्षर फाटतं. याला दृष्टिवैषम्य म्हणतात, आणि डॉक्टरांचा सिलिंड्रिकल नंबर म्हणजे त्याचंच माप. थॉमस यंग यांनी १८०१ मध्ये स्वतःच्या डोळ्यातल्या या दोषाचं वर्णन केलं होतं. थोडंफार वैषम्य पुष्कळांना जन्मभर असतं, मोतीबिंदू पिकला की ते त्याच्या धुक्याआड झाकलं जातं, एवढंच.

छेद किती आणि कुठे

पूर्वी मोतीबिंदू अख्खा बाहेर काढायचा, तर दहा-बारा मिलिमीटरचा छेद आणि वर टाके लागत. बिनटाक्याच्या छोट्या छेदाच्या शस्त्रक्रियेत तो सहा-सात मिलिमीटरवर आला आणि मोतीबिंदू आतच फोडून ओढून घेणाऱ्या फेको पद्धतीत दोन ते तीनवर. छेद जितका लांब, आणि काचेच्या मध्याला जितका जवळ, तितका आकार जास्त बदलतो. छेदाची टोकं काचेपासून दूर वळवली, तर बदल कमी होतो.

पण लांबीइतकीच महत्त्वाची आहे जागा, आणि रुग्णांना याबद्दल फारसं कुणी सांगत नाही याचं मला वाईट वाटतं. छेद ज्या दिशेला घेतला, त्या दिशेची काच सपाट होते आणि काटकोनातल्या दिशेचा उभार वाढतो. घट्ट टाका नेमकं उलटं करतो. तो आपल्या दिशेची काच ओढून उभार वाढवतो. म्हणूनच टाक्यांच्या ऑपरेशननंतर काही आठवड्यांनी एखादा ताणलेला टाका कापला की नंबर उतरतो.

आता वय लक्षात घ्या. तरुणपणी काचेचा उभार सहसा उभ्या दिशेला जास्त असतो, म्हातारपणी तो आडव्या दिशेला सरकतो. अशा आजोबांच्या डोळ्यात वरच्या बाजूने छेद घेतला, तर आधीच सपाट असलेली उभी दिशा आणखी सपाट होते आणि नंबर वाढतो. तोच छेद कानशिलाच्या बाजूने घेतला, तर नंबर घटू शकतो. शिवाय काच उंचीपेक्षा रुंदीला थोडी मोठी असल्याने बाजूचा छेद मध्यापासून लांब पडतो. मात्र ज्यांचा उभार उभ्या दिशेलाच आहे, त्यांना वरचा छेद सोयीचा. म्हणून आधी मोजायचं, मग छेदाची जागा ठरवायची.

मोजणीतले अडथळे

कोरड्या डोळ्यावर घेतलेलं माप फसवं येतं. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी त्या मोजणीआधी डॉक्टरांनी सांगितलेले दिवस बंद ठेवायला हव्यात. उन्हावाऱ्यात काम करणाऱ्यांच्या डोळ्यात नाकाच्या बाजूने मांस वाढत बुबुळावर येतं. तेही काचेचा आकार बिघडवतं. त्यात काचेच्या मागच्या पृष्ठभागालाही स्वतःचा उभार असतो आणि समोरूनच मोजणाऱ्या यंत्रांना तो दिसत नाही.

टोरिक लेन्स

वैषम्य बरंच असेल, तर टोरिक लेन्स, म्हणजे वेगवेगळ्या दिशांना वेगळी ताकद असलेली लेन्स, आत बसवून ते काढता येतं. अट एकच, ती ठरलेल्या कोनातच बसली पाहिजे. ती एक अंश फिरली, तर सुमारे तीन टक्के परिणाम वाया जातो. तीस अंश फिरली, म्हणजे घड्याळात बारापासून एकपर्यंत, तर जवळजवळ काहीच उरत नाही. त्याहून जास्त फिरली, तर नंबर वाढतोच. आडवं झोपल्यावर डोळा स्वतःभोवती किंचित फिरतो, म्हणून कोनासाठीच्या शाईच्या खुणा रुग्ण बसलेला असतानाच करतात. लांबट, मोठ्या मायनस नंबरच्या डोळ्यात लेन्स फिरण्याची शक्यता अधिक.

नंतरचे आठवडे

जखम भरताना आकार बदलत राहतो. छेद मोठा असेल तर जास्त दिवस. त्यामुळे पहिल्याच आठवड्यात चष्म्यासाठी घाई करू नये. साधारण चार ते सहा आठवड्यांनी नंबर स्थिरावला की कायमचा चष्मा करावा. तोवर डोळा चोळायचा नाही.

आणि पहिल्या डोळ्याची फाइल जपून ठेवा. ऑपरेशनआधीची आणि नंतरची मापं शेजारी ठेवली, की छेदाने तुमची काच किती आणि कुठल्या दिशेला बदलली ते डॉक्टरांना कळतं. दुसऱ्या डोळ्याचा छेद ठरवताना त्याचा उपयोग होतो.