कायदा कच्चा असतानाचे दिवस

विधेयक मांडले जाते तेव्हा सभागृहात बहुधा काहीच घडत नाही. मंत्री उभे राहतात, "अध्यक्ष महोदय, आपल्या अनुमतीने मी सन अमुकचे विधानसभा विधेयक क्रमांक अमुक मांडतो" एवढे म्हणतात, विधेयक मांडले गेल्याचे अध्यक्ष जाहीर करतात, आणि मंत्री नीट खाली बसायच्या आत पुढच्या विधेयकाचे नाव पुकारले जाते. मुंबईच्या विधानभवनातल्या प्रेक्षक गॅलरीत बसून मी हे पाहिले आहे. लोणावळ्याहून सकाळची गाडी पकडून, पास दाखवून, मोबाइल खाली जमा करून वर जायचे, आणि ज्या विधेयकासाठी आले त्याचा उच्चार शेजारच्याच्या खोकल्यात बुडून जायचा. खाली कुणी कागद चाळत असते, कुणी लॉबीकडे निघालेले असते. या टप्प्यावर विरोध करता येतो, क्वचित होतोही. पण मांडणी म्हणजे चर्चा नव्हे. राज्याच्या किंवा देशाच्या टेबलावर एक कच्चा कायदा आला, एवढीच ती नोंद.

खरे काम त्या छापील कागदात असते. वडगाव मावळच्या न्यायालयात आयुष्य घालवलेल्या एका वकिलांनी मला तो शेवटून वाचायला शिकवला. शेवटी 'उद्देश व कारणे यांचे निवेदन' असते. सरकारला हा कायदा का हवा, हे तिथे सरकारच्याच शब्दांत सापडते. त्यानंतर वित्तीय ज्ञापन, म्हणजे खर्च किती आणि कोणत्या निधीतून. आणि मग लोक हमखास वगळतात ते पान: वैधानिक अधिकार सोपवण्याविषयीचे ज्ञापन. कोणत्या गोष्टी आत्ता ठरवलेल्या नाहीत, त्या सरकार पुढे नियम करून ठरवणार आहे, याची ती यादी. "विहित करण्यात येईल अशा रीतीने" हे शब्द विधेयकात जिथे जिथे येतात, तिथे तिथे आमदारांच्या हातून निर्णय निसटून मंत्रालयातल्या एखाद्या कक्षाकडे गेलेला असतो. दुरुस्ती विधेयक तर याहून अवघड. "मूळ अधिनियमाच्या कलम इतक्यामधील या मजकुराऐवजी हा मजकूर दाखल करण्यात येईल" अशी चार ओळींची दुरुस्ती मूळ कायदा शेजारी उघडल्याशिवाय समजतच नाही, आणि त्या चार ओळींत एखाद्या गावाची शिवारे जाऊ शकतात.

हे मावळात कुणाला पटवून द्यावे लागत नाही. इथल्या शंभर वर्षांच्या आठवणीत भूसंपादन आहे. वळवण आणि शिरवत्याचे तलाव, ठोकळवाडी, पवना धरण, द्रुतगती मार्ग, तळेगावची एमआयडीसी. १८९४ च्या भूमिसंपादन कायद्याचे कलम चार आणि कलम सहा पवन मावळातल्या, अक्षरओळखही नसलेल्या म्हाताऱ्याला पाठ असायचे, कारण कलम चारची नोटीस निघाली की सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' या रकान्यात शिक्का बसायचा, आणि शिक्का बसलेल्या जमिनीवर ना कर्ज मिळायचे ना गिऱ्हाईक. तो कायदा ब्रिटिशांनी केला होता आणि स्वतंत्र भारताने सहा दशकांहून अधिक काळ वापरला. २००७ साली त्यात दुरुस्ती करणारे विधेयक लोकसभेत आले, समितीकडे जाऊन आले, फेब्रुवारी २००९ मध्ये लोकसभेत मंजूरही झाले. राज्यसभेत पोहोचेपर्यंत लोकसभेची मुदत संपली आणि विधेयक गेले. लोकसभा विसर्जित झाली की तिच्यापुढची विधेयके व्यपगत होतात, आणि तिने मंजूर करून राज्यसभेत अडकलेलीही. सगळे पुन्हा पहिल्यापासून.

२९ जुलै २०११ रोजी केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयाने नव्या भूसंपादन विधेयकाचा मसुदा लोकांसाठी खुला केला आणि ऑगस्टअखेरपर्यंत सूचना मागवल्या. त्याच ऑगस्टच्या ९ तारखेला, क्रांतिदिनी, बऊरजवळ द्रुतगती मार्गावर पवना धरण ते निगडी या बंद जलवाहिनीच्या विरोधात शेतकरी उतरले, पोलिसांनी गोळीबार केला आणि तिघे मेले. एक बाई, दोन पुरुष. त्या मसुद्यामागचे तात्कालिक कारण मावळ नव्हते; मे महिन्यात उत्तर प्रदेशातल्या भट्टा-पारसौलमध्ये झालेल्या संघर्षाने सरकारला घाई झाली होती. पण मावळातल्या माणसाने ही दोन पाने शेजारी ठेवून वाचली तर त्याला दोष देता येणार नाही. गोळीबारानंतर महिना उलटायच्या आत, ७ सप्टेंबरला, जयराम रमेश यांनी विधेयक लोकसभेत मांडले, आणि काही दिवसांतच ते ग्रामविकासविषयक स्थायी समितीकडे गेले.

स्थायी समितीकडे विधेयक जाते कसे? प्रवर समिती किंवा दोन्ही सभागृहांची संयुक्त समिती नेमायची तर सभागृहात प्रस्ताव मांडून तो मंजूर व्हावा लागतो. विभागवार स्थायी समितीचे तसे नाही. ती कायम असते. १९९३ पासून संसदेत या समित्या आहेत, आज २४. लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १० असे प्रत्येकीत ३१ सदस्य. अध्यक्ष किंवा सभापती विधेयक तिच्याकडे सोपवतात. मंत्री तिचा सदस्य होऊ शकत नाही. दारे बंद असतात, कॅमेरे नसतात, आणि म्हणूनच सदस्य तिथे जास्त मोकळे बोलतात असा सगळ्यांचा अनुभव आहे. समिती वर्तमानपत्रांत जाहिरात देते, निवेदने मागवते, मंत्रालयाच्या सचिवांना साक्षीला बोलावते, मग एकेक कलम घेऊन बसते. अहवालाच्या शेवटी असहमत सदस्यांच्या टिपण्या जोडल्या जातात. अहवाल सरकारवर बंधनकारक नसतो.

त्या समितीच्या अध्यक्ष होत्या सुमित्रा महाजन, चिपळूणच्या माहेरवाशीण आणि इंदूरच्या खासदार. समितीने १७ मे २०१२ रोजी अहवाल दिला. त्या पावसाळ्यात मी मांडलेले विधेयक आणि समितीचा अहवाल टेबलावर पसरून वाचायला घेतले. पुढे सप्टेंबर २०१३ मध्ये कायदा झाला तेव्हा तो तिसरा कागद शेजारी आला. ज्याला कायदा कसा होतो ते समजून घ्यायचे आहे, त्याने एकदा तरी असे तीन कागद शेजारी ठेवून वाचावेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

समितीने मोठी गोष्ट मागितली होती: खासगी कंपन्यांसाठी आणि सरकारी-खासगी भागीदारीच्या प्रकल्पांसाठी सरकारने जमीन संपादितच करू नये. ती मान्य झाली नाही. मात्र खासगी प्रकल्पाला ८० टक्के आणि भागीदारीच्या प्रकल्पाला ७० टक्के लोकांची आधी संमती, ही अट कायद्यात राहिली. वापरात न आलेली जमीन परत करण्याची मुदत मांडलेल्या विधेयकात दहा वर्षे होती, कायद्यात पाच झाली. केवळ ओलिताचीच नव्हे तर सगळीच शेतजमीन वाचवा, असे समितीने म्हटले. कायद्याने मर्यादा घालायचे तत्त्व स्वीकारले, पण मर्यादा किती हे राज्यांवर सोपवले. आणि शेवटचे परिशिष्ट. मांडलेल्या विधेयकात तिथे १६ केंद्रीय कायदे होते, ज्यांच्याखाली होणाऱ्या संपादनाला नवा कायदा लागू नसणार होता. राष्ट्रीय महामार्ग, रेल्वे, तेल-वायूच्या वाहिन्या सगळ्या त्यात. समितीने यावरच बोट ठेवले. अंतिम कायद्यात १३ राहिले, आणि त्यांनाही मोबदला-पुनर्वसनाच्या तरतुदी एका वर्षात लागू करण्याचे बंधन आले. ज्या तालुक्यातून महामार्ग, लोहमार्ग आणि वाहिन्या सगळेच जातात, तिथे या एका परिशिष्टाचे मोल वेगळे सांगायला नको. विधेयकाचे नावसुद्धा बदलले: आधी 'भूमिसंपादन' हा शब्द पुढे होता, नंतर 'वाजवी भरपाईचा हक्क' पुढे आला.

समिती नेहमीच काही तारते असे नाही, पण थांबवू मात्र शकते. ३१ डिसेंबर २०१४ ला नव्या सरकारने अध्यादेश काढून संमतीची अट पाच प्रकारच्या प्रकल्पांना सैल केली. तीनदा अध्यादेश निघाला. मे २०१५ मध्ये अध्यादेशाची जागा घेणारे विधेयक एस. एस. अहलुवालिया यांच्या अध्यक्षतेखालील संयुक्त समितीकडे गेले. देशभरातून निवेदने आली. ३१ ऑगस्टला अध्यादेश संपला, तो पुन्हा निघाला नाही. समितीला मुदतवाढीवर मुदतवाढ मिळत गेली आणि २०१९ मध्ये लोकसभेबरोबर ते विधेयकही संपले. केंद्राच्या कायद्यातली २०१३ ची संमतीची अट शाबूत राहिली ती अशी, एका न आलेल्या अहवालामुळे.

आता आपल्या राज्याकडे येते, आणि इथे मन खट्टू होते. महाराष्ट्राच्या विधानमंडळात विधेयके तपासणाऱ्या विभागवार स्थायी समित्यांची संसदेसारखी पद्धत नाही. विधेयक मांडले जाते आणि बहुतेक वेळा त्याच अधिवेशनात मंजूर होते. २०१८ मध्ये राज्याने केंद्राच्या भूसंपादन कायद्यात, राष्ट्रपतींची संमती घेऊन, स्वतःपुरते पाचवे परिशिष्ट जोडले. राज्य महामार्ग कायदा, एमआयडीसी कायदा, नगररचना कायदा आणि म्हाडा कायदा त्यात गेले. म्हणजे तळेगावची औद्योगिक वसाहत किंवा उर्सेपासून निघणारा पुण्याचा वर्तुळाकार रस्ता यांच्यासाठी मोबदल्याच्या तरतुदी अधिसूचनेने लागू होणार, पण सामाजिक परिणामांचा अभ्यास आणि त्याची जनसुनावणी मात्र नाही. दिल्लीत आठ महिने समितीच्या चाळणीतून जे गेले, त्याचा महत्त्वाचा भाग इथे राज्याच्या चार कायद्यांपुरता बाजूला ठेवला गेला. उर्सेच्या एका खातेदाराने मला विचारले होते, "ताई, आमचं म्हणणं नक्की कुठल्या रकान्यात लिहायचं?" तोवर त्याच्या गटाची मोजणी झालेली होती.

राज्यात समिती नेमली जाते ती क्वचित, आणि बहुधा विरोध तापल्यावर. संघटनांच्या बेकायदेशीर कृत्यांना आळा घालण्यासाठीचे महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक जुलै २०२४ मध्ये मांडले गेले, मंजूर न होता राहिले, विधानसभेची मुदत संपली. डिसेंबरमध्ये नागपूरला ते पुन्हा मांडून दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे पाठवले गेले. १ एप्रिल २०२५ पर्यंत लोकांकडून सूचना मागवल्या होत्या. मार्चच्या अखेरीस लोणावळ्यातल्या एका वाचनालयात आम्ही आठ-दहा जण त्यासाठी बसलो. पहिल्या तासात सगळ्यांनी एकच वाक्य लिहिले: हा कायदा नको. मनापासून लिहिलेले वाक्य, माझेही तेच मत. पण समितीपुढे कलमवार तक्ता जातो, आणि कलमाचा उल्लेख नसलेले निवेदन त्यात 'सर्वसाधारण' या एका ओळीत मिटते. म्हणून मग मसुदा मोठ्याने वाचला. ज्याला जे कलम खटकले त्याने त्याचा क्रमांक, खटकण्याचे कारण आणि त्याऐवजी काय हवे ते शब्द, एवढेच लिहायचे ठरले. एक निवृत्त पोलीस हवालदार तपासाच्या कलमापाशी थांबले. "इथं फौजदार लिहिलंय. फौजदाराला वरून एक फोन आला की तो काय करणार? तपास निदान उपअधीक्षकाकडे द्या." तीस वर्षांच्या नोकरीतले ते वाक्य आम्ही जसेच्या तसे लिहून पाठवले.

समितीकडे साडेबारा हजारांच्या आसपास सूचना आल्या. ९ जुलैला अहवाल सभागृहात आला, १० जुलैला विधानसभेने आणि ११ जुलैला परिषदेने विधेयक मंजूर केले. बदल तीन: उद्देश कडव्या डाव्या विचारसरणीच्या संघटनांपुरता नेमका करणारी शब्दरचना, सल्लागार मंडळाच्या घडणीत न्यायालयीन पार्श्वभूमीच्या व्यक्ती, आणि तपासी अधिकारी उपअधीक्षकाच्या दर्जाचा. तिसरा बदल आमच्या हवालदारकाकांच्या पत्रामुळे झाला असे मी म्हणणार नाही. अनेकांनी तेच मागितले असणार. 'बेकायदेशीर कृत्य' या व्याख्येबद्दल आमचा जो मुख्य आक्षेप होता, तो जागच्या जागी आहे. साडेबारा हजार पत्रांतून तीन बदल, हे प्रमाण मला अपुरे वाटते. शिवाय समितीचे अध्यक्ष महसूलमंत्री होते. ज्या सरकारने विधेयक मांडले त्याच सरकारचा मंत्री त्याच्या छाननीला बसला की सदस्यांचा हात आखडतो, आणि संसदेच्या स्थायी समितीत मंत्री का चालत नाही ते इथे समजते.

संसदेतही सगळे आलबेल नाही. पंधराव्या लोकसभेत दहातली सात विधेयके समित्यांकडे जात होती. सतराव्या लोकसभेत हे प्रमाण सहात एकावर आले. पण दिल्लीत निदान समिती उभी आहे, तिच्याकडे विधेयक पाठवायला नुसता निर्णय लागतो. मुंबईत प्रत्येक वेळी ती नव्याने जन्माला घालावी लागते, तीही सरकारला वाटले तर. केरळ विधानसभेने १९८० पासून विषयवार समित्या चालवल्या आहेत आणि तिथे विधेयक त्यांच्याकडे जाणे हीच रीत आहे. विधानसभेत २८८ आणि परिषदेत ७८ सदस्य असलेल्या महाराष्ट्राला हे माणसांअभावी जमत नाही असे कुणी म्हणू शकणार नाही. जमीन, पाणी आणि पोलिसांचे अधिकार या तीन विषयांवरची विधेयके तरी मंत्री नसलेल्या समितीकडे किमान दोन महिने गेलीच पाहिजेत, आणि समितीने मुंबईबाहेर, वडगावसारख्या तालुक्याच्या गावी बसून साक्षी घेतल्या पाहिजेत. विधानमंडळाच्या नियमांत एवढी दुरुस्ती करायला नव्या कायद्याचीही गरज नाही.