‘निगेटिव्ह’ अहवाल, पण कधीचा?

असुरक्षित शरीरसंबंधानंतर चौथ्या-पाचव्या दिवशीच घाईने रक्ततपासणी करून घ्यायची आणि ‘निगेटिव्ह’ अहवाल हाती पडताच निश्चिंत व्हायचे, ही मोठी फसगत आहे. एचआयव्हीची नेहमीची चाचणी विषाणूचा नव्हे, तर त्याच्याविरुद्ध शरीराने निर्माण केलेल्या प्रतिपिंडांचा शोध घेते. ही प्रतिपिंडे चाचणीत दिसू लागण्यास साधारणतः तीन आठवडे ते तीन महिने लागतात. या कालावधीला ‘विंडो पीरियड’ म्हणतात. अहवाल निर्दोष, पण रक्तात विषाणूचे प्रमाण मात्र भरमसाट, अशी स्थिती याच काळात असू शकते. साहजिकच जोडीदाराला लागण होण्याचा धोकाही तेव्हा अधिक. म्हणूनच तीन महिन्यांनी फेरतपासणी करावी आणि तोपर्यंत निरोध वापरावा.

संबंध नुकताच आला असेल, तर चाचणीची वाट पाहत बसू नये. ७२ तासांच्या आत, खरे तर जितक्या लवकर तितके उत्तम, प्रतिबंधक औषधे सुरू करून २८ दिवस घेतल्यास संसर्ग बहुतांशी टाळता येतो. ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावीत.

डास चावल्याने किंवा एका ताटात जेवल्याने एचआयव्ही होत नाही, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. तरीही पाय अडखळतात ते ‘कोणाला कळले तर?’ या भीतीने. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने संमतीविना चाचणी करण्यास आणि अहवाल उघड करण्यास सर्वसाधारणपणे मनाई केली आहे. सरकारी रुग्णालयांतील समुपदेशन व चाचणी केंद्रांत ही तपासणी मोफत होते. माहितीसाठी १०९७ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे.