नाणं जुनं, किंमत साधी

‘घरात जुनं नाणं असेल तर लाखो मिळतील, आधी नोंदणीचे पैसे भरा’ असे निरोप मोबाईलवर फिरत असतात. अखेर २०२१ साली रिझर्व्ह बँकेनेच जाहीर केलं की अशा व्यवहारांशी बँकेचा संबंध नाही आणि बँकेच्या नावाने कुणी शुल्क मागितलं तर देऊ नका. तरी लोक फसतात, कारण जितकं जुनं तितकं महाग हा समज पक्का रुजलेला आहे.

वस्तुस्थिती निराळी आहे. नाण्याची किंमत त्याच्या वयापेक्षा अशी नाणी किती शिल्लक आहेत, कोणत्या अवस्थेत आहेत आणि मागणी किती, यांवर ठरते. सहाव्या जॉर्जचा १९३९चा चांदीचा रुपया अत्यंत दुर्मीळ, म्हणून महाग. उलट पश्चिम क्षत्रपांचं सोळा-सतराशे वर्षांपूर्वीचं चांदीचं नाणं सामान्य अवस्थेत असेल, तर नोकरदार माणसाच्या खिशाला परवडतं. या राजांनी तीनेक शतकं जवळपास एकाच धाटणीची नाणी पाडली आणि मडक्यांत पुरलेले त्यांचे साठे मिळत राहिले.

‘स्वस्त नाण्यात काय बघायचं?’ असंही विचारतात. माझ्या मते नवशिक्याने सुरुवात करावी ती याच नाण्यापासून. वजन जेमतेम दोन ग्रॅम. एका बाजूला राजाचा मुखवटा, दुसरीकडे तीन कमानींचा डोंगर, चंद्र-सूर्य आणि भोवती ब्राह्मी लेख. लेखात राजाबरोबर त्याच्या वडिलांचंही नाव असतं, त्यामुळे दुसरा रुद्रसेन, त्याचा मुलगा भर्तृदामन आणि नातू विश्वसेन अशा तीन पिढ्या तीन नाण्यांत जुळवता येतात. बऱ्याच नाण्यांवर मुखवट्यामागे शक वर्षही असतं. शून्य नाही, शंभर, दोनशे, दहा, वीस यांना वेगवेगळी चिन्हं. ती वाचून ७८ मिळवले की इसवी सन हाती येतं. मात्र साचा मोठा आणि चकती लहान असल्याने वर्ष अनेकदा काठाबाहेरच जातं. ते पूर्ण उमटलेलं नाणं थोडं महाग पडलं तरी घ्यावं.

‘आजोबांच्या डब्यातली शिवराई शिवाजी महाराजांच्याच काळातली’ हा आपल्याकडचा लाडका समज. शिवराई सुरू झाली महाराजांच्या काळात, पण तोच मजकूर ठेवून ती पुढे पेशवाईत आणि त्यानंतरही पाडली गेली. बाजारातल्या बहुतेक शिवराया, दोन आडव्या दांड्यांच्या ‘दुदांडी’ तर नक्कीच, नंतरच्या. म्हणूनच त्या स्वस्तात मिळतात.

आणि ते राम दरबार किंवा हनुमान असलेलं ‘ईस्ट इंडिया कंपनी, १८१८’? कंपनीने असं नाणं कधी पाडलंच नाही. त्या नंतर कुणीतरी बनवलेल्या चकत्या आहेत. देवघरात खुशाल ठेवा, संग्रहात नको.

‘घासून चकाकवलं की भाव वाढतो’ हे तर साफ उलटं. चिंच, लिंबू, पितांबरी, काहीही लावू नका. तांब्यावरचा हिरवट-तपकिरी थर शतकांनी चढलेला असतो. तो गेला की अक्षरांची धारही जाते आणि जाणकार गिऱ्हाईक पाठ फिरवतं.

‘प्राचीन नाणं जवळ ठेवणं गुन्हा आहे’ ही भीती मात्र अर्धीच खोटी. विकत घेतलेलं नाणं बाळगता येतं. पण १९७२च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या नाण्यांचा व्यापार करायला परवाना लागतो आणि ती परदेशी नेता येत नाहीत; परदेशातल्या भाच्याला भेट म्हणूनही पाठवू नका. नांगरताना वा पाया खणताना सापडलेल्या नाण्यांना १८७८चा निखात निधी कायदा लागू होतो. साठा दहा रुपयांहून अधिक किमतीचा असला की जिल्हाधिकाऱ्यांना कळवावंच लागतं.

तो नियम सरकारी कटकट वाटत असेल तर नाशिक जिल्ह्यातलं जोगळटेंभी आठवावं. १९०६ साली तिथे क्षत्रप नहपानाची तेरा हजारांवर नाणी एकत्र मिळाली. त्यांतल्या दोन तृतीयांशांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हं पुन्हा ठोकलेली होती. सातवाहनांनी नहपानाचा पराभव केल्याचा इतका भरभक्कम पुरावा हाती आला, तो साठा एकत्र नोंदवला गेला म्हणून. तेव्हा सापडलेलं नाणं कळवा, आणि विकत घेतलेल्याची पावती जपून ठेवा.